चोक आत ढकलला की इंजिन बंद: बरीच वर्षं उभी असलेली कार्ब्युरेटरची गाडी

चार वर्षं जागेवर उभी असलेली जुनी पेट्रोल गाडी घेतली, कार्ब्युरेटरची, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली. चोक (हवा कमी करून मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी खुंटी) ओढला की इंजिन चालू, आत ढकलला की दोन सेकंदांत बंद. बॅटरी बदलली, प्लग बदलले, जुन्या पेट्रोलवर ताजं ओतलं, फरक शून्य. तीन आठवडे नुसता वैताग.

दोष आयडल जेटमध्ये होता, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन संथ चालू ठेवायला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात. पेट्रोल उडून मागे चिकट थर उरतो आणि सगळ्यात बारीक भोक आधी बुजतं.

आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. मोकळ्या हवेत टाकी पूर्ण रिकामी केली; पेट्रोल काळपट झालं होतं, वास थेट व्हार्निशचा. मग तडकलेले रबरी पाइप आणि फिल्टर बदलले. कार्ब्युरेटर उघडून फ्लोटखालचा (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाखालचा) लालसर गाळ पुसला, आयडल जेट सोडवून उजेडाकडे धरला, तर आरपार काहीच दिसेना. कार्ब क्लीनर मारून अर्धा तास ठेवला, मग जेट आणि कार्ब्युरेटरमधली त्याची वाट दोन्ही हवेच्या दाबाने फुंकली. तार किंवा सुई अजिबात घालू नका, भोक मोठं होतं आणि मिश्रण बिघडतं ते बिघडतंच. उजेडाचा ठिपका गोल, स्वच्छ दिसला तेव्हाच नव्या गॅस्केटसह सगळं बसवलं.

पाच लिटर ताजं पेट्रोल भरलं, तार जोडली. इंजिन गरम झाल्यावर चोक पूर्ण आत ढकलून आयडलचा स्क्रू जुळवला. आता एका लयीत चालतं.