पाण्यातलं ऑक्सिडेशन, सोन्याचे कण आणि नव्याने लॅबमध्ये येणाऱ्यांसाठी थोडं

एम.एस्सी. करून पुण्यात पाषाणला एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत), आयसरमध्ये किंवा विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात प्रोजेक्टला येणारी मुलं मला हमखास विचारतात, "नॅनो कॅटॅलिस्टवर काम करायचंय, काय वाचून येऊ?" वाचन होईलच. आधी शंका घ्यायला शिका, असं मी सांगतो.

विषय मोलाचा आहे. कॅटॅलिस्ट म्हणजे उत्प्रेरक, स्वतः न संपता प्रक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ. क्रोमिक ॲसिडने अल्कोहोलचं ऑक्सिडेशन केलं की काम होतं, पण मागे क्रोमियमचा कचरा उरतो आणि सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असतं. तेच काम पाण्यात, ऑक्सिजन वापरून, धातूच्या नॅनोकणांवर झालं तर उपपदार्थ म्हणून फक्त पाणी निघतं. सोन्याला तर फारसं कुणी उत्प्रेरक मानत नव्हतं. १९८७ मध्ये मासाताके हारुता यांनी दाखवलं, की ऑक्साइडवर बसवलेले सोन्याचे बारीक कण शून्य अंशाच्या बऱ्याच खालीही कार्बन मोनॉक्साइडचं ऑक्सिडेशन करतात.

सोन्याचे कण बनवायची सुरुवात बहुतेक वेळा सिट्रेटच्या पद्धतीने होते. क्लोरोऑरिक ॲसिडचं फिकट पिवळं द्रावण उकळत ठेवायचं आणि त्यात सोडियम सिट्रेट घालायचं. पिवळेपणा जातो, मग काळपट निळसर छटा येते आणि बघता बघता माणकासारखा लाल रंग चढतो. यूव्हीवर (द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतं ते दाखवणाऱ्या यंत्रावर) ५२० नॅनोमीटरच्या आसपास शिखर दिसतं. काचसामान आधी अम्लराजाने (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या मिश्रणाने) धुवा (फ्यूम हूडमध्येच, आणि ते बाटलीत बूच लावून कधीही ठेवू नका). पाणी डीआयनाइज्डच घ्या; क्षार जास्त झाले की कण एकमेकांना चिकटतात आणि लाल द्रावण निळं पडतं.

खरी कसोटी पुढे आहे. समजा, कॅटॅलिस्ट घालून बेंझिल अल्कोहोलचं बेंझाल्डिहाइड झालं, जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर) छान शिखर आलं, पण ते केलं कोणी? कॅटॅलिस्ट न घालता एक ब्लँक (तुलनेसाठीचा प्रयोग) लावा. धातू न बसवलेला नुसता सपोर्ट (कण ज्यावर बसवतात तो घन पदार्थ) आणि बेस (अल्कली) घालून दुसरा लावा. मग हॉट फिल्ट्रेशन: प्रक्रिया अर्ध्यावर असताना गरम असतानाच गाळा आणि गाळलेलं द्रावण तसंच चालू ठेवा. त्यातही प्रक्रिया पुढे सरकली, तर काम सपोर्टवरच्या कणांचं नसून पाण्यात सुटलेल्या धातूचं असू शकतं. गार होऊ दिलंत तर पाण्यात सुटलेला धातू परत सपोर्टवर बसू शकतो आणि निष्कर्ष फसवा येतो. सुट्या कोलॉइडला (सपोर्टवर न बसवलेल्या, द्रवात तरंगणाऱ्या कणांना) मात्र ही चाचणी लागू पडत नाही. ०.२ मायक्रॉनचा फिल्टर म्हणजे २०० नॅनोमीटरची भोकं. पाच नॅनोमीटरचा कण त्यातून आरामात जातो. गाळलेल्या द्रावणाचं आयसीपी (त्यात किती धातू आहे ते मोजणारी चाचणी) करायला विसरू नका.

ढवळण्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. हवेच्या संपर्कातल्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. ढवळण्याचा वेग बदलल्यावर कन्व्हर्जन (किती टक्के अल्कोहोल वापरलं गेलं ते) बदलत असेल, तर तुम्ही कॅटॅलिस्ट मोजत नसून ऑक्सिजन पोचण्याचा वेग मोजताय. बेंझाल्डिहाइड हवेत आपोआप बेंझोइक ॲसिड होतं, म्हणून नमुने लगेच इंजेक्ट करा.

आणि 'हरित' हा शब्द थीसिसमध्ये लिहिण्याआधी वर्कअपचा (प्रक्रियेनंतर उत्पादन वेगळं काढण्याच्या कामाचा) हिशेब करा. प्रक्रिया पाण्यात केली, पण उत्पादन बाहेर काढायला त्याच्या कितीतरी पट इथाइल ॲसिटेट ओतलं, तर ते सगळं सॉल्व्हंट ई-फॅक्टरमध्ये (दर किलो उत्पादनामागे निघणाऱ्या कचऱ्याच्या मापात) धरायला हवं. माझ्या मते गाईडशी पहिल्या भेटीत विचारावा असा प्रश्न हाच: उत्पादन पाण्यातून वेगळं कसं काढणार?