थिसिसमध्ये स्वतःचं जुनं लिखाण वापरायचंय? आधी डिक्लरेशन वाचा

"तुझंच आहे ना, मग टाक बिनधास्त" असं सीनियर सांगतात, कधीकधी गाइडही सांगतात, आणि सबमिशन तोंडावर असताना ते ऐकून बरंही वाटतं. पण बिनधास्त टाकू नका.

पीएचडी चालू असताना त्याच कामावर छापलेला पेपर थिसिसमध्ये आणण्यात सहसा काही गैर नसतं, बऱ्याच विद्यापीठांत तर पेपर जोडूनच थिसिस करता येतो. फक्त चॅप्टरच्या सुरुवातीलाच लिहून टाकायचं, "विभाग ३.२ ते ३.४ माझ्या अमुक लेखावर आधारित आहेत, आकृत्याही त्यातल्याच आहेत." नुसतं शेवटच्या यादीत पेपरचं नाव असून भागत नाही, जुनं काय नवं काय ते त्याच पानावर कळलं पाहिजे.

खरी गोची मास्टर्सच्या डिझर्टेशनची. माझी झोप यानेच उडवली होती म्हणून जरा सविस्तर सांगते. थिसिसच्या सुरुवातीला डिक्लरेशनचं पान असतं, त्यात बहुतेक ठिकाणी असं काहीतरी असतं की हे काम किंवा त्याचा कुठलाही भाग दुसऱ्या पदवीसाठी सादर केलेला नाही. न वाचता सही ठोकतात सगळे. आता मास्टर्सचा लिटरेचर रिव्ह्यू जसाच्या तसा इथे आणला तर ती सही खोटी ठरते, कारण त्या मजकुरावर एक पदवी आधीच मिळालीय. सिमिलॅरिटी, म्हणजे आधीच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर, किती टक्के आली हा इथे प्रश्नच नाही. टर्निटिन हे तपासणीचं सॉफ्टवेअर फक्त जुळणारा मजकूर दाखवतं, चोरी आहे की नाही ते ठरवत नाही, आणि शब्द फिरवून आकडा खाली आणला तरी काम तेच राहतं ना! पॅराफ्रेजिंगच्या टूलमध्ये स्वतःचीच चांगली वाक्यं घालून वाकडी करून घेणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं. जुना डेटा पुढे न्यायचा असेल तर रजिस्ट्रेशनच्या वेळीच लेखी विचारा, आणि परवानगी मिळाली तर डिक्लरेशनमध्ये तसा अपवाद नोंदवा. गाइडच्या तोंडी "चालेल"वर विसंबू नका, व्हायवाला उत्तरं तुम्हालाच द्यायचीत.

मेथड्सबद्दल मात्र एवढं टेन्शन घेऊ नका. उपकरण तेच, पद्धत तीच, तर वाक्यं थोडीफार जुळणारच, मूळ पेपरचा संदर्भ द्या.

कॉपीराइटही बघा. एल्सव्हियर ही प्रकाशन संस्था लेखकाला स्वतःचा लेख थिसिसमध्ये घेऊ देते, अट एवढीच की थिसिस व्यावसायिकरीत्या छापायचा नाही. आयट्रिपलई (IEEE, इंजिनिअरिंगची जर्नल्स काढणारी संस्था) ठराविक कॉपीराइट ओळ मागते. लेख सीसी बाय (CC BY, श्रेय देऊन वापरायची खुली परवानगी) असेल तर श्रेय, लायसन्स आणि काही बदल केला असेल तर तो नमूद केला की झालं. को-ऑथरने काढलेली आकृती असेल तर त्याला मेल टाका, कुणी काय केलं तेही लिहा.

आणि ड्राफ्ट चेक करायला देताना तो सॉफ्टवेअरच्या रिपॉझिटरीत, म्हणजे साठ्यात, सेव्ह होणार नाही ना, हे लायब्ररीत आधी विचारून घ्या, नाहीतर फायनल कॉपी तुमच्याच ड्राफ्टशी जुळते आणि रिपोर्ट लालेलाल. तसं झालंच असेल तर घाबरू नका, तो सोर्स वगळून रिपोर्ट पुन्हा काढता येतो.