हॅलोविनची कँडी ऑगस्टमध्येच दिसली तर काय घ्यायचं, काय नाही

इकडे न्यू जर्सीत अजून एसी फुल चालूय, पोरांच्या शाळा उघडायच्यात, गणपतीची मूर्ती कुठून आणायची ते पण ठरलेलं नाही आणि दुकानात शिरलं की समोर नारिंगी-काळ्या पिशव्यांचा डोंगर. हॅलोविन, म्हणजे पोरं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात तो सण, 31 ऑक्टोबरला, कँडी ऑगस्टच्या आधीपासून. आमच्या पहिल्या वर्षी मी हुरळून 150 नगांची पिशवी उचलली, घटस्थापनेपर्यंत तळाशी नऊ उरली, ती पण कुणालाच न आवडणारी खोबऱ्याची, मग ऑक्टोबरच्या शेवटी पूर्ण भावात दुसरी पिशवी आणावी लागली. एवढ्या लवकर मांडतात त्याचं कारण मला त्या दिवशी कळलं.

तर आता मी दुकानात उभं राहूनच मनात तीन ढीग करते, चॉकलेट, साखरेची कँडी आणि चित्रविचित्र फ्लेवर.

चॉकलेट ऑगस्टमध्ये घेऊच नका. कोको बटर साधारण आपल्या अंगाच्या तापमानाच्या जरा खालीच वितळतं आणि उन्हात पार्क केलेली गाडी म्हणजे भट्टी, दूध-भाजी घेऊन घरी येईपर्यंत आतला आकार गेलेला असतो. परत थंड झालं की वर पांढरट थर येतो, ती बुरशी नाही, चरबी वर आलेली असते, खाल्लं तर काही होत नाही पण दारात आलेल्या पोरांना ते द्यायला लाज वाटते. फ्रीजमध्ये ठेवायचंच असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडायचा नाही, नाहीतर ओल धरून साखर वर येते. आणि हो, पाकिटावर मिल्क चॉकलेट लिहिलंय का चॉकलेटी असं काहीतरी गोलमाल लिहिलंय ते बघा. मिल्क चॉकलेट म्हणायला अमेरिकेत निदान 10 टक्के वाटलेल्या कोको बियांचा लगदा लागतो. 2024 च्या डिसेंबरात कोको टनाला 12 हजार डॉलरच्या वर गेला होता, तेव्हापासून मी हे जास्तच बारकाईने वाचते.

साखरेच्या गोळ्या, लॉलीपॉप वगैरे लवकर घेतलं तरी चालतं, ते टिकतं. फक्त पिशवीची किंमत बघू नका, शेल्फवरच्या चिठ्ठीत बारीक अक्षरात औंसचा भाव असतो तो बघा. समजा 40 औंसची पिशवी 12 डॉलरला म्हणजे औंसला 30 सेंट, आणि शेजारी सेलची पाटी लावलेली 10 औंसची 4 डॉलरला म्हणजे 40 सेंट, सेल कसला डोंबलाचा.

आता शाकाहारी घरांसाठी महत्त्वाचं. एका वर्षी आई इकडे आलेली, तिने कँडी कॉर्नचे, म्हणजे मक्याच्या दाण्यासारख्या दिसणाऱ्या गोड गोळ्यांचे, चार दाणे तोंडात टाकले, म्हणाली "अगं छान आहे की, हलव्यासारखं लागतंय", आणि मी मागची बाजू वाचली तर जिलेटिन! तिला सांगायचं का नाही यावर माझी आणि नवऱ्याची किचनमध्ये कुजबुज, शेवटी तिनेच चष्मा लावून वाचलं. कँडी कॉर्न, मार्शमेलो, बऱ्याच गमी (रबरासारख्या चिवट गोळ्या), यात जिलेटिन असतं, म्हणजे जनावराच्या कातडी-हाडांतून काढलेलं. कन्फेक्शनर्स ग्लेझ लिहिलं असेल तर ती किड्यापासून मिळणारी लाख, आपल्या लाखेच्या बांगड्यांची तीच. आईला खरंतर जेली बीन द्यायला हवी होती, ती फिरत्या ड्रममध्ये पाक थोडा थोडा घालत वाढवतात, आपण कढईत तीळ-साबुदाण्यावर हलवा करतो तीच तऱ्हा, फक्त काटे येत नाहीत. पण तिथेही पाकीट वाचायचंच, कंपनीगणिक फरक असतो.

राहिला विचित्र फ्लेवरचा ढीग. हा एकच ढीग असा आहे की लवकर घेण्यात अर्थ आहे, कारण आवडता फ्लेवर संपला की त्या सीझनला परत येईलच याची खात्री नाही. पण एकच पाकीट! पम्पकिन स्पाइस म्हणजे दालचिनी, जायफळ, सुंठ, लवंग, आपल्याला ओळखीचा वास आहे, ते डोळे झाकून घ्या. बाकी लोक कुठपर्यंत जातात बघा, ब्रॅक्स या कँडी कंपनीने 2020 मध्ये थँक्सगिव्हिंगच्या (इथला नोव्हेंबरातला सण) जेवणाचे कँडी कॉर्न काढले होते, त्यात भाजलेली टर्की आणि फरसबी असे फ्लेवर, आणि 2022 मध्ये हॉट डॉग आणि हॅम्बर्गर. असलं काही आणलंत तर सुरीने एका दाण्याचे चार तुकडे करा, कुठला फ्लेवर ते न सांगता सगळ्यांना ओळखायला लावा आणि शेजारी चिवड्याची वाटी ठेवा, तोंड सुधारायला लागतेच. पोरांच्या पार्टीत याच्याइतका स्वस्त खेळ नाही.

आणलेलं लपवायचं कुठे हा मोठा प्रश्न. आमच्याकडे भगरीचा डबा सेफ होता, चतुर्थीला नवऱ्याने उघडेपर्यंत.

बाकी शेंगदाणा-बदामवाली कँडी वेगळ्या वाडग्यात ठेवा, ॲलर्जीची पोरं खूप असतात. दाराशी निळसर-हिरवा भोपळा ठेवलात तर खाऊऐवजी छोटी खेळणी पण मिळतात हे पालकांना कळतं. 2024 ला लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन एकाच संध्याकाळी आलं होतं, तेव्हा पणत्यांच्या शेजारी आमचा तो भोपळा होता.

आणि मोठी खरेदी 1 नोव्हेंबरला सकाळी. बऱ्याच दुकानांत तीच पिशवी अर्ध्या भावात मिळते, थंडी पडलेली असते त्यामुळे चॉकलेट पण गाडीत टिकतं. कपाटाच्या दुसऱ्या टोकाला ख्रिसमसच्या लाल-पांढऱ्या साखरेच्या काठ्या पूर्ण भावात लागलेल्या असतील, तिकडे बघायचं नाही, त्या 26 डिसेंबरला.