दुसऱ्या स्टेजचा करंट कुठून घेतलात?

गाडीत नायट्रसची (इंजिनाची ताकद वाढवायला आत सोडतात तो नायट्रस ऑक्साइड वायू) एक स्टेज, म्हणजे एक टप्पा, व्यवस्थित चालतेय आणि आता दुसरी जोडायची आहे, अशांसाठी हे लिहितोय. रिलेच्या 30, 85, 86, 87 या पिना काय करतात, वेट सिस्टिममध्ये (नायट्रससोबत जादा पेट्रोलही सोडणारी) नायट्रससोबत पेट्रोलचाही सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप) का लागतो, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. पहिली जमली म्हणजे दुसरी तिचीच नक्कल, असं मलाही वाटलं होतं. त्यात एक पिस्टन गेला आणि पाच महिने गाडी उभी राहिली.

माझ्या दोन्ही स्टेज 100 हॉर्सपॉवरच्या. थ्रॉटल पूर्ण दाबला की पहिली, त्यानंतर दीड सेकंदाने टायमरवर दुसरी. पहिलीशिवाय दुसरी कधीही उघडू नये ही माझी मुख्य काळजी होती आणि ती रास्तच होती. त्यासाठी मी दुसऱ्या रिलेच्या 30 नंबरच्या पिनेला (जिथून करंट आत येतो) बॅटरीची तार न देता पहिल्या रिलेच्या 87 वरून (जिथून तो सोलेनॉइडकडे जातो) फाटा काढला. पहिली बंद असेल तर दुसरीला करंटच मिळणार नाही. कागदावर हे इतकं सुबक दिसतं की आजही कुणी नवखा हीच आकृती काढून दाखवतो तेव्हा मला त्याचा राग येत नाही. पोटात मात्र गोळा येतो.

यात काय घडतं ते सावकाश वाचा. नायट्रसचा मोठा सोलेनॉइड एकटाच 15-20 अँपिअर खेचू शकतो. माझे चारही सोलेनॉइड एकाच तारेवर, एकाच फ्यूजवर आले. तार 1.5 चौरस मिलिमीटरची, डिकीतल्या बॅटरीपासून थेट बॉनेटपर्यंत. फ्यूज 30 अँपिअरचा, पण थोड्याशा जास्त करंटला फ्यूज लगेच उडत नाही, कित्येक सेकंद तग धरतो. आपली धाव तेवढ्यात संपते. त्यामुळे फ्यूज शाबूत राहिला आणि मी निश्चिंत राहिलो. व्होल्टेज मात्र पडत होतं. खूप उशिरा मोजलं, तेव्हा दुसऱ्या स्टेजच्या नायट्रस सोलेनॉइडवर 9.6 व्होल्ट मिळाले.

पेट्रोलचा दाब किरकोळ असतो, त्यामुळे तो सोलेनॉइड कमी व्होल्टेजवरही उघडतो. नायट्रसच्या सोलेनॉइडला 900 ते 1000 पीएसआयच्या विरुद्ध प्लंजर उचलायचा असतो. 9.6 व्होल्टवर तो हललाच नाही. पहिल्या स्टेजचा आधीच उघडलेला होता, तो तसाच राहिला, कारण उचलायला लागतो तेवढा जोर धरून ठेवायला लागत नाही. म्हणजे दुसरी स्टेज आली की फक्त जादा पेट्रोल येत होतं. गाडी गुदमरायची, मागे काळा धूर, वाइडबँडवर (पेट्रोलच्या मानाने हवा किती ते दाखवणारा सेन्सर) आकडा 10 च्या खाली.

आणि मी काय केलं? मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) आहे असं समजून पेट्रोलचा जेट (प्रवाह किती ते ठरवणारं बारीक भोक) एक नंबर लहान केला. मग आणखी एक. धूर कमी झाला, मला हुरूप आला. पुढच्या खेपेला अर्थच्या तारेच्या टोकाच्या कडीखालचा (लगखालचा) रंग खरवडून बोल्ट घट्ट केला. व्होल्टेज वर आलं, नायट्रसचा सोलेनॉइड पहिल्यांदाच पूर्ण उघडला आणि पेट्रोल अपुरं पडलं. एकाच धावेत तिसऱ्या पिस्टनची दोन रिंगांमधली कड तुटली.

म्हणून बजावून सांगतो: दुसरी स्टेज आल्यावर मिश्रण रिच दिसलं तर जेटला हात लावू नका. आधी मल्टिमीटर काढा.

मला शिकवणारा माणूस अनुभवी होता, त्याची गाडी वेगवान होती. 'टिक वाजलं की वायरिंग झालं,' असं तो म्हणायचा. बाटली बंद असताना वाजलेलं टिक 1000 पीएसआयबद्दल काहीही सांगत नाही. शेवटी दोष सापडला तो एका ऑटो इलेक्ट्रिशियनला, ज्याने नायट्रस कधी पाहिलाही नव्हता. माझं मत झालंय की वायरिंग शिकायला वेगवान गाडीवाल्याकडे जाऊच नये. आणि तारेवर चिमटा दाबून फाटा काढायच्या त्या प्लास्टिकच्या क्लिपा घरात ठेवूच नका, ठेवल्या तर वापरल्या जातात.

आता योग्य रीत. करंट वेगळा आणि परवानगी वेगळी. प्रत्येक स्टेजला बॅटरीपासून स्वतःची जाड तार, स्वतःचा फ्यूज, स्वतःचा रिले. 87 वरून त्याच स्टेजचे नायट्रस आणि पेट्रोल दोन्ही सोलेनॉइड, म्हणजे ते एकत्रच उघडतील. पहिल्या रिलेची 86 (कॉइलचं प्लस टोक) आर्मिंग स्विचकडे (सगळी सिस्टिम चालू-बंद करणारा), 85 (कॉइलचं दुसरं टोक) थ्रॉटलच्या मायक्रोस्विचमधून, आरपीएमच्या विंडो स्विचमधून (ठरलेल्या आरपीएमच्या मर्यादेतच चालू राहणारा) आणि इंधनदाबाच्या स्विचमधून अर्थला. दुसऱ्या रिलेची 86 मात्र पहिल्याच्या 87 वरून घ्या. इथे फाटा चालतो, कारण रिलेची कॉइल जेमतेम 0.15 ते 0.2 अँपिअर घेते. पहिलीचा फ्यूज उडाला तर दुसरीही आपोआप बंद होते. तिची 85 टायमरमार्फत अर्थला. डायोड असलेला रिले असेल तर 86 लाच प्लस, अदलाबदल केली तर डायोड जळतो.

हे अवघड नाही, खरंच. दोन फ्यूज, दोन रिले. शांतपणे केलं तर एका सुट्टीच्या दिवसात होतं.

तपासताना घाई नको. बाटली बंद, लाइन पूर्ण रिकामी, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला, इंधनाचा दाब उतरवलेला. नाहीतर बंद इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल साचतं, आणि तशात स्टार्टर मारला तर मॅनिफोल्ड फुटू शकतो. मग दोन्ही रिलेंची 85 तात्पुरती थेट अर्थला लावून चारही सोलेनॉइड एकदम चालू करा, दोन-तीन सेकंदच, कॉइल तापतात. बॅटरीच्या टोकांवरचं आणि प्रत्येक सोलेनॉइडच्या दोन्ही तारांमधलं व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. एकेक स्टेज वेगळी तपासून समाधान मानू नका, मी तेच केलं होतं.

बाकीचं थोडक्यात. विंडो स्विच 3000 आरपीएमच्या आसपास सुरू होऊन रेव्ह लिमिटरच्या आधी बंद व्हायला हवा, कारण लिमिटर इंजिनाचं पेट्रोल तोडत असेल तर नायट्रस चालूच राहतो आणि पेट्रोल अपुरं पडतं. इग्निशन दर 50 हॉर्सपॉवरला साधारण 2 अंश मागे, आणि दुसरी स्टेज आल्याची खबर इग्निशन बॉक्सलाही मिळायला हवी. साध्या रिलेवर प्रोग्रेसिव्ह कंट्रोलर (सोलेनॉइड झपाट्याने उघडमीट करून नायट्रस हळूहळू वाढवणारा) लावू नका, तेवढ्या झपाट्याने रिले उघडमीट करू शकत नाही. बाटलीला ज्योत कधीही दाखवू नका, 36.4 अंश सेल्सिअसच्या वर आत द्रव उरतच नाही. आणि हे सगळं ट्रॅकवर, रस्त्यावर नाही.

पहिल्या धावेला दुसऱ्या स्टेजमध्ये 50 हॉर्सपॉवरचे जेट लावा. धाव संपली की इंजिन लगेच बंद करा, प्लग काढून पाहा, वाइडबँडचा लॉग शेजारी ठेवा. 11.5 ते 12 च्या दरम्यान आकडा दिसला आणि व्होल्टेजही टिकलं, तर मग 100 चे जेट लावा.