कॅबिनेटमध्ये कसण्याआधी पीसी खोक्यावरच चालू करून बघा

पहिल्यांदा पीसी जोडताना सगळं कॅबिनेटमध्ये कसून, केबली मागे बांधून बटण दाबलं आणि स्क्रीन काळीच राहिली, की परत सगळं उसकटावं लागतं. ऐरोलीत पुतण्याच्या पीसीपायी आमची रविवारची अख्खी दुपार अशीच गेली. निघालं काय, तर रॅमची एक बाजू ‘टक’ करून बसलीच नव्हती!

१. मदरबोर्ड (सगळे पार्ट ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर आणि रॅमची एकच पट्टी लावा. रॅमचे चार स्लॉट (खाचा) असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा. पट्टी जरा जोर लावूनच बसते, घाबरू नका.

२. पॉवर सप्लायच्या दोन केबली जोडा: २४ पिनांची आणि प्रोसेसरजवळची ८ पिनांची. दुसरी हमखास विसरते.

३. मॉनिटर लावा. इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं, तिथे ग्राफिक्स कार्ड लागेलच.

४. मॅन्युअलमध्ये बघून बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. बायोस (बोर्डाची स्वतःची सेटिंगची स्क्रीन) दिसलं की झालं. डीडीआर५ (नव्या पिढीची) रॅम असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं काहीच दिसत नाही. थांबा, बंद करू नका.

पार्ट खराब निघालाच तर तो एकही स्क्रू न लागलेला असतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात बदलून मागताना दुकानदाराशी हुज्जत कमी.

एक मात्र सांभाळा: बोर्ड ज्या चंदेरी पिशवीत येतो, तिच्यावर ठेवून तो चालू करू नका. पिशवीच्या बाहेरच्या बाजूने करंट जाऊ शकतो.