हंबरडा, किंकाळी, खो-खो : इंग्रजी-फ्रेंच लिहिताना या चुका टाळा

मी सांगलीत विश्रामबागेत इंग्रजी आणि फ्रेंचच्या शिकवण्या घेते. एकदा २०१९ च्या महापुरावर निबंध लिहायला दिला होता. एका मुलीनं लिहिलं, दावणीची म्हैस वाहून गेल्याचं कळलं तेव्हा आजीनं हंबरडा फोडला. तिच्या इंग्रजीत त्याचं ‘ब्रोक अ क्राय’ झालं होतं. प्रसंग डोळ्यांसमोर घडलेला, पण परक्या वाचकाच्या कानावर त्या वाक्यातून आजीचा आवाज पोचलाच नसता. तिथं ‘वेल्ड’ एवढा एक शब्द पुरला असता. तेव्हापासून अशा चुका मी वेगळ्या वहीत टिपून ठेवते.

सगळ्यात जास्त नोंदी याच चुकीच्या आहेत. आपण किंकाळी फोडतो, आरोळी ठोकतो, हाक मारतो, गळा काढतो. आवाज नामात असतो आणि क्रियापद रूढीनं ठरलेलं असतं. त्या क्रियापदाचं भाषांतर करायचंच नाही. इंग्रजीत बहुतेक वेळा आवाजाचंच क्रियापद होतं : ‘स्क्रीम’, ‘श्रीक’, ‘येल’, ‘हाउल’. भीतीनं किंवा वेदनेनं किंचाळणं म्हणजे ‘स्क्रीम’. ते आखूड आणि कानात शिरणारं असेल तर ‘श्रीक’. ‘येल’मध्ये बहुधा शब्द असतात, माणूस मोठ्यानं काहीतरी सांगत असतो. ‘हाउल’ मुळात लांडग्या-कुत्र्यांचं. फ्रेंच ‘युर्ले’ही लांडग्यालाच लागतं आणि गळा फाडून ओरडणाऱ्या माणसालाही. त्याच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला एच आहे. तो उच्चारायचा नाही, पण आधीचा शब्द त्याला जोडायचाही नाही : ‘झ युर्ल’ असं सुटंच म्हणायचं. नाम वापरायचं असेल तर फ्रेंच म्हणतं ‘पुसे अं क्री’, शब्दशः ओरडा ढकलणं. आपलं फोडणं त्यांना जितकं चमत्कारिक वाटेल तितकंच हे आपल्याला वाटतं, म्हणून ते पाठच करावं.

‘क्राय’ या शब्दाशी मात्र थोडं थांबायला हवं. आपल्या मुलांना त्याचा एकच अर्थ माहीत असतो, रडणं. मग गोष्टीत ‘हेल्प, ही क्राइड’ आलं की भाषांतर होतं, ‘तो रडत मदत म्हणाला’. तो रडत नसतो, ओरडत असतो. इंग्रजीनं हा शब्द जुन्या फ्रेंचमधून घेतला, तेव्हा तो ओरडण्याचाच होता. अश्रू त्याला नंतर चिकटले. फ्रेंच ‘क्रिए’ अजूनही ओरडण्यापुरतंच आहे, रडण्याला ‘प्लरे’ हे वेगळं क्रियापद. म्हणून इंग्रजीच्या अंदाजानं फ्रेंच लिहिणारी मुलं हमखास फसतात : बाळ भुकेनं रडत होतं असं सांगायचं असतं आणि लिहून बसतात की बाळ आरडाओरडा करत होतं. ‘देर्निए क्री’ दिसलं तरी शेवटची किंकाळी समजू नका. ती सगळ्यात नवी फॅशन.

याच घराण्यातला एक शब्द सांगलीच्या मुलांना मी आवर्जून सांगते. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यात बोली पुकारतात, त्याला नुसतं ‘शाउटिंग’ म्हटलं तर वाचणाऱ्याला वाटेल तिथं भांडण लागलंय. बोली पुकारून होणाऱ्या व्यवहाराला इंग्रजीत ‘ओपन आउटक्राय’ म्हणतात. फ्रेंचमध्ये असा लिलाव ‘आ ला क्रिए’ होतो आणि बंदरावरच्या मासळीच्या लिलावाला तर ‘ला क्रिए’ असंच नाव आहे.

‘मी त्याला ओरडून सांगितलं’ आणि ‘मी त्याला ओरडलो’ यांतला फरक आपल्याला शिकवावा लागत नाही. इंग्रजीत तो एका छोट्या शब्दावर असतो. ‘शाउट टू’ म्हणजे लांबच्या माणसाला ऐकू जावं म्हणून, ‘शाउट ॲट’ म्हणजे रागावून. फ्रेंचमध्ये तसेच ‘क्रिए आ’ आणि ‘क्रिए स्युर’. सुटलेल्या एसटीच्या कंडक्टरला हाक मारणारा मुलगा निबंधात त्याच्यावर खेकसताना दिसतो, तो या एका शब्दामुळे.

हसण्यात चूक उलट्या बाजूनं होते. खुदुखुदु, खो-खो, फिदीफिदी, गालातल्या गालात, हे सगळं आपण ‘हसणे’च्या आधी लावतो. त्यामुळे मुलं ‘लाफ’ला धरून बसतात आणि पुढे ‘लाउडली’ जोडतात. इंग्रजीत इथं क्रियापदच बदलतं. खो-खो हसणं ‘गफॉ’, खुदुखुदु ‘गिगल’, दुसऱ्याच्या फजितीवर फिदीफिदी ‘स्निगर’. एका मुलानं आजोबांना ‘गिगल’ करायला लावलं होतं. गालातल्या गालात हसणाऱ्या आजोबांना ‘चकल’ शोभतं. आणि ‘लाफ्टर’ला अनेकवचनाचा एस लावू नका. तोच एस शब्दाच्या सुरुवातीला लागला की शब्द ‘स्लॉटर’ होतो, उच्चार बदलतो आणि अर्थ कत्तल.

फ्रेंच इथं मराठीच्या जास्त जवळचं आहे, हे मुलांना कळलं की त्यांची भीती जाते. ‘रीर’ म्हणजे हसणं आणि त्याला हवं ते जोडायचं. ‘एक्लाते द रीर’ म्हणजे एकदम हसू फुटणं, ‘पुफे द रीर’ म्हणजे दाबून धरलेलं हसू फिस्सकन बाहेर पडणं. ‘रीर सु काप’ म्हणजे झग्याआड हसणं. आपल्याकडे ते पदराआड होतं. ‘रिकाने’ मात्र जपून वापरा, त्यात कुत्सितपणा आहे.

‘रीर झोन’ शिकवते त्या दिवशी वेळ हाताशी ठेवते. शब्दशः ते पिवळं हसणं. इथल्या मुलांच्या मनात पिवळा म्हणजे हळद, लग्नघर, भंडारा. एकीनं त्याचा अर्थ ‘मंगल प्रसंगीचं हसू’ असा लिहिला होता. फ्रेंच माणूस मात्र मनात खट्टू झालेला असताना चारचौघांसाठी जे तोंडावर आणतो, ते हे हसू. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, उसनं हसू.