टाकीखालचा गळका व्हॉल्व्ह घरीच बदलला, माझा अनुभव

आमच्या सिडकोतल्या घराच्या गच्चीवरच्या टाकीचा जुना पितळी गेट व्हॉल्व्ह कितीही आवळला तरी पाणी पूर्ण बंद व्हायचंच नाही, वर दांड्यापाशी गळायचं ते वेगळंच. गेट व्हॉल्व्हमध्ये आतली पट्टी वर-खाली होते, तिच्याखाली क्षार नि गाळ साठला की ती नीट बसत नाही. म्हणून बॉल व्हॉल्व्ह आणला, दांडी पाइपाच्या रेषेत असली की चालू, पाइपाला काटकोनात फिरवली की बंद, लांबूनही कळतं. सोबत युनियन, म्हणजे आटे फिरवून मधूनच सुटणारा जोड, घ्याच, दुकानदार नको म्हणाला तरी घ्या, पुढच्या वेळी पाइप न कापता व्हॉल्व्ह सुटतो.

टाकी रिकामी करून सीपीव्हीसी म्हणजे प्लास्टिकचा पाइप सरळ कापला, कडेचा कीस पॉलिश पेपरने काढला, चिकटवायचं सोल्युशन लावून पाइप फिटिंगच्या आत घालताना पाव वळसा फिरवला आणि अर्धा मिनिट दाबून धरला, नाहीतर तो मागे सरकतो. आट्यांतून गळू नये म्हणून लावायची टेफ्लॉन टेप मात्र आटे आपल्याकडे करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच गुंडाळायची, उलटी गेली तर फिटिंग आवळताना तिचा गोळा होतो. आणि प्लास्टिकच्या आट्यांना मोठा पाइप पाना लावूच नका हो, तडा जातो, हाताने घट्ट करून मग साध्या पान्याने थोडंसं आवळलं की बास.

पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी सोडलं, सगळे सांधे कोरडे ठणठणीत.